कोजागिरीला गच्चीवर ४५ जण: पिझ्झा किती मागवावेत?

सचिव, मुलुंड पूर्व

नमस्कार. आमची सोसायटी लहान, चार मजल्यांची आहे आणि कोजागिरीला दरवर्षी सगळे रहिवासी गच्चीवर जमतात. आजवर बटाटेवडे किंवा भेळ आणि मध्यरात्री मसाला दूध असा बेत असे. यंदा मुलांच्या आग्रहावरून पिझ्झा मागवायचे कार्यकारिणीने ठरवले असून ती जबाबदारी माझ्यावर सोपवली आहे. नावे दिलेले ४५ जण आहेत: बारा वर्षांखालील १४ मुले, कॉलेजला जाणारे ९, मधल्या वयाचे १४ आणि ज्येष्ठ नागरिक ८. यांतले ६ जण, म्हणजे दोन मुले, तीन मोठी माणसे आणि एक आजी, जैन कुटुंबांतले आहेत. सगळे शाकाहारीच मागवायचे हे बैठकीत एकमताने ठरले आहे. कार्यक्रम साडेआठला सुरू होईल.

माणशी तीन तुकडे धरावेत असे सगळीकडे सांगतात. त्या हिशेबाने १३५ तुकडे, म्हणजे आठ तुकड्यांचे १७ मोठे पिझ्झा होतात. हा आकडा मला जास्त वाटतो, पण वर्गणीचे पैसे असल्यामुळे केवळ वाटण्यावर विसंबून राहता येत नाही. कोणी उपाशी राहू नये आणि खोकी उरूही नयेत यासाठी हिशेब कसा मांडावा, याचे कृपया मार्गदर्शन करावे.

दादरची गणितशिक्षिका

सचिवसाहेब, तुम्हाला आकडा जास्त वाटतो आहे ते बरोबरच आहे, आणि त्याचे कारण ‘तुकडा’ हे मापच पक्के नाही. पिझ्झाचा आकार आपण व्यासाने सांगतो, पोट मात्र क्षेत्रफळाने भरते. ७ इंची लहान पिझ्झाचे क्षेत्रफळ सुमारे ३८.५ चौरस इंच, १० इंची मध्यमचे ७८.५ आणि १२ इंची मोठ्याचे ११३ चौरस इंच भरते. लहानाचे चार, मध्यमचे सहा आणि मोठ्याचे आठ भाग केले, तर एक तुकडा अनुक्रमे ९.६, १३ आणि १४ चौरस इंचांचा होतो. म्हणजे मोठ्या पिझ्झाचे दोन तुकडे खाणारा माणूस लहानाचे तीन तुकडे सहज खातो, आणि दोघांच्याही पोटात सारखेच अन्न जाते. म्हणून दुकानदाराला आधी व्यास विचारावा आणि तुकडे किती करतात ते नंतर विचारावे.

कडेचाही विचार करायला हवा, कारण मुले ती हमखास ताटात टाकतात. पाऊण इंचाची कोरडी कड धरली, तर ७ इंची पिझ्झाच्या जेमतेम ६२ टक्के भागावर चीज आणि भाज्या असतात, तर १२ इंचीच्या जवळपास ७७ टक्के भागावर. गर्दीसाठी लहान पिझ्झांची चळत मागवणे म्हणजे कडांचे पैसे मोजणे आहे. ‘दोनावर दोन मोफत’ अशी योजना दिसली, तरी आधी चौरस इंचाचा दर काढून पाहावा. एका १० इंची पिझ्झाची बरोबरी करायला दोन ७ इंची लागतात, हे लक्षात ठेवले तरी दुकानातल्या दुकानात निर्णय घेता येतो.

आता तुमच्या मंडळींचा हिशेब १२ इंची पिझ्झाच्या तुकड्यांत मांडते. सरसकट तीन धरण्यापेक्षा वयोगट पाडावेत. बारा वर्षांखालील मुलाला सरासरी दीड तुकडा पुरतो, म्हणून १४ मुलांचे २१. कॉलेजच्या मुलांना चार-चार धरावेत, त्यात काटकसर करू नये, म्हणून त्यांचे ३६. मधल्या वयाच्यांना अडीच, म्हणजे ३५. ज्येष्ठांना दीड, म्हणजे १२. एकूण १०४ तुकडे, म्हणजे नेमके १३ मोठे पिझ्झा. पुढे दूध असल्यामुळे यात वाढ करण्याची गरज मला दिसत नाही. मात्र पिझ्झाच रात्रीचे जेवण आहे की लोक घरी जेवून वर येणार आहेत, हे निमंत्रणात स्पष्ट लिहा. हा संदिग्धपणा राहिला, तर कोणतेही गणित कामाला येणार नाही.

घाटकोपर पूर्व

वरचा हिशेब उत्तम आहे. त्यात जैन शेजाऱ्यांविषयी थोडी भर घालतो, कारण मी स्वतः जैन कुटुंबातला आहे आणि अशा कार्यक्रमांत चांगल्या हेतूनेही हा भाग राहून जातो.

पहिली गोष्ट वेळेची. आमच्यातले अनेक जण सूर्यास्तानंतर जेवत नाहीत, आणि चातुर्मासात हा नियम पाळणाऱ्यांची संख्या आणखी वाढते. कोजागिरी चातुर्मासातच येते. शिवाय आश्विन शुद्ध सप्तमीपासून पौर्णिमेपर्यंत नवपद ओळी हे आमचे व्रत असते आणि त्याचा शेवटचा दिवस हाच. ओळी करणारे आयंबिल करतात, म्हणजे दिवसातून एकदाच, तेल-तूप, दूध-दही, गूळ-साखर वर्ज्य करून जेवतात. अशा व्यक्तीला पिझ्झा चालणारच नाही, मग तो पिझ्झा जैन असो वा नसो. तेव्हा सहा जणांचे मागवण्यापूर्वी त्या कुटुंबांना घरी जाऊन विचारा. मुंबईत ऑक्टोबरमध्ये सूर्य साधारण सव्वासहाला मावळतो. कोणी सूर्यास्तापूर्वी खाणार असेल, तर त्यांचे पिझ्झा पाच-सव्वापाचला त्यांच्या घरी पोहोचतील अशी वेगळी ऑर्डर द्यावी. पिझ्झा तोच राहतो, केवळ वेळ बदलते आणि त्या घरांना आपली आठवण ठेवली गेल्याचे समाधान मिळते.

दुसरी गोष्ट पदार्थाची. वरचा कांदा काढला म्हणजे पिझ्झा जैन होत नाही. लसूण बहुधा सॉसमध्येच असतो आणि मसाल्याच्या पुड्यांतही असू शकतो. म्हणून ‘जैन सॉस वापरता का’ असा थेट प्रश्न दुकानाला विचारावा आणि पुडी उघडण्यापूर्वी तिच्यावरील घटकांची यादी वाचावी. गार्लिक ब्रेडची खोकी वेगळ्या टेबलावर ठेवावीत.

वरच्याच दराने सहा जणांचे १२ तुकडे होतात, पण जैन पिझ्झा दीड मिळत नाही, तेव्हा दोन घ्यावेत. उरलेले चार तुकडे वाया जाणार नाहीत, कारण ते कोणालाही चालतात. उलट मात्र होत नाही, म्हणूनच कमी पडण्याचा धोका नेहमी याच बाजूला अधिक असतो. एका समारंभात जैन म्हणून वेगळे ठेवलेले पिझ्झा इतरांनीच आधी संपवल्याचे मी पाहिले आहे. त्या खोक्यांवर मोठ्या अक्षरांत लिहा आणि जवळ एक जण उभा करा.

गिरगावच्या काकू

बाईंनी मुलांना दीड तुकडा धरला आहे, तिथे मी थोडी असहमत आहे. सहा वर्षांचे मूल एका तुकड्यात थकते, पण दहा-अकरा वर्षांचा मुलगा गच्चीवर तासभर पकडापकडी खेळून आला की सहज तीन तुकडे खातो. तुमच्या १४ मुलांत असे पाच जण असतील, तर सात-आठ तुकडे वाढले, म्हणजे जवळजवळ एक पिझ्झा झाला.

तो पैसे घालून वाढवण्याऐवजी सोबत भेळ ठेवा. एक किलो कुरमुऱ्यांची भेळ जोडीला म्हणून ४५ जणांना पुरते, आणि कांदा वेगळ्या वाडग्यात ठेवला तर प्रत्येकाला हवा तसा घेता येतो. ज्येष्ठांना चीज रात्री जड जाते, ते भेळच आनंदाने खातील. मोठ्यांचा अर्धा-अर्धा तुकडा जरी कमी झाला, तरी मुलांची भर त्यातून निघते आणि आकडा १३ वरच राहतो.

दुधाचे मापही पिझ्झाबरोबरच ठरवा. पेल्याला १५० मिलिलिटर धरले तर ४५ पेल्यांना पावणेसात लिटर दूध लागते. आटवताना पाचवा हिस्सा कमी होतो असे धरून साडेआठ लिटर आणावे. केशर, वेलची, जायफळ घातलेले असे दाट दूध पुढे आहे हे ठाऊक असले, की समजदार माणूस पोटात जागा राखूनच खातो.

ओव्हनवाला, विलेपार्ले

मी पिझ्झाच्या स्वयंपाकघरात काम करतो, म्हणून संख्येपेक्षा वेळेविषयी सांगतो. १३ मोठे पिझ्झा एकदम हवेत असे आठ वाजता फोन करून सांगितले, तर चांगले दुकानसुद्धा ते एकदम देऊ शकत नाही. एक पिझ्झा काही मिनिटांत भाजून होतो, पण ओव्हनमध्ये एका वेळी मोजकेच मावतात आणि सणाच्या रात्री इतर ऑर्डरीही चालू असतात. आदल्या दिवशी दुकानात प्रत्यक्ष जाऊन मॅनेजरशी बोला, दोन फेऱ्या ठरवा, पहिली साडेआठला सात पिझ्झांची आणि दुसरी सव्वानऊला उरलेल्यांची. पहिल्या फेरीत काय लवकर संपते ते दिसते, आणि दुसरीतले प्रकार बदलायचे असतील तर तेवढ्या वेळात सांगता येतात.

मुलांना दीड तुकडा कसा द्यायचा, हा प्रश्न पडला असेल. साध्या चीज पिझ्झाचे आठऐवजी बारा तुकडे करून द्यायला सांगा, बहुतेक दुकाने ते करतात. मुले दोन बारीक तुकडे घेतात आणि अर्धवट खाऊन टाकलेले कमी उरते.

खोकी एकावर एक रचून तशीच बंद ठेवू नका. आतली वाफ बेसमध्ये जिरते आणि दहा मिनिटांत तो मऊ पडतो. वर पोहोचताच झाकण थोडे उघडावे. तयार अन्न बाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, म्हणून साडेदहाच्या सुमारास उरलेले फ्रिजमध्ये जायला हवे. सकाळी ते तव्यावर मंद आचेवर, झाकण ठेवून गरम केले की खालचा भाग पुन्हा कुरकुरीत होतो.

सचिव, मुलुंड पूर्व

सर्वांचे मनापासून आभार. दोन्ही जैन कुटुंबांना भेटून आलो. एका आजींची ओळी आहे, बाकीचे पाच जण सूर्यास्तापूर्वी खाणार आहेत, म्हणून त्यांच्यासाठी दोन पिझ्झा सव्वापाचला घरी जातील. उरलेल्या ३९ जणांसाठी ११ मोठे: साधे चीजचे चार, मक्याचे आणि भोपळी मिरचीचे चार, पनीरचे दोन आणि तिखट एक. सोबत भेळ.

आता एकच अडचण आहे. आमच्या जवळच्या दुकानात १० इंचीच मोठ्यात मोठा मिळतो. मग ११ च्या जागी किती घ्यावेत?

दादरची गणितशिक्षिका

११ मोठ्यांचे क्षेत्रफळ सुमारे १२४४ चौरस इंच होते. त्याला ७८.५ ने भागले की १५.८ येतात, म्हणून १० इंची १६ घ्यावेत. जैन पिझ्झाही त्याच दुकानातून घेणार असाल, तर पाच जणांसाठी १० इंची दोन पुरतील. दर ठरवताना १६ मध्यम आणि दूरच्या दुकानातले ११ मोठे, या दोन्हींची एकूण रक्कम ५ टक्के जीएसटी आणि पोहोचवण्याचा खर्च धरून शेजारी शेजारी लिहा. फरक थोडा असेल तर जवळचेच दुकान घ्या, कारण दुसरी फेरी वेळेवर आणि गरम येणे तुमच्या दृष्टीने अधिक मोलाचे आहे.