कोलेस्टेरॉलसोबत एचएस-सीआरपी सरसकट तपासावी का?

धागाकर्ती: माझ्या मोठ्या भावाला ५२व्या वर्षी हार्ट अटॅक आला. त्याआधी सहाच महिन्यांपूर्वीच्या रिपोर्टवर एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ९४, शेजारी डॉक्टरांनी पेनने केलेली बरोबरची खूण. तो कागद मी अजून जपून ठेवलाय. रक्तातली सूज दाखवणारी एचएस-सीआरपी कुणी पाहिलीच नव्हती. २००८च्या ज्युपिटर चाचणीत एलडीएल १३०च्या खाली, पण सीआरपी २ किंवा जास्त असलेले १७,८०२ लोक होते. रोसुव्हास्टॅटिन या कोलेस्टेरॉल उतरवणाऱ्या स्टॅटिन गटातल्या गोळीने त्यांच्यात हार्ट अटॅक, स्ट्रोक वगैरे मिळून ४४ टक्क्यांनी कमी झाले. मग ही तपासणी सगळ्यांची का नको?

प्रतिसाद १: भावाचं वाचून वाईट वाटलं. पण ज्युपिटरमध्ये सीआरपी कमी असलेला गट घेतलाच नव्हता. त्यांनाही तेवढाच फायदा झाला नसता कशावरून? गोळीने एलडीएलही निम्म्यावर आलं होतं. शिवाय जनुकांमुळे ज्यांची सीआरपी जन्मभर जास्त असते, त्यांना हृदयविकार जास्त होत नाही. माझी एकदा ११ आली. दाढेखाली पू झाला होता. दाढ काढली, महिन्याने ०.९! मधला महिना झोप नव्हती.

धागाकर्ती: १०च्या वर आकडा आला की आधी संसर्ग शोधायचा आणि दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा तपासायचं, हे तुम्हाला तेव्हाच सांगायला हवं होतं. सीआरपी स्वतः गुन्हेगार नसेल, कबूल. पण यकृत ती बनवतं इंटरल्यूकिन-६ या सूज वाढवणाऱ्या प्रथिनाच्या इशाऱ्यावर, आणि त्या वाटेवरच्या जनुकांचा हृदयविकाराशी संबंध दिसलाय. २०१७च्या कॅन्टॉस चाचणीत कॅनाकिनुमॅब या त्याच वाटेवरची सूज रोखणाऱ्या औषधाने एलडीएलला हात न लावता, १५० मिलिग्रॅमच्या डोसला, पुढचे झटके वगैरे १५ टक्क्यांनी घटले.

प्रतिसाद २: त्याच कॅन्टॉसमध्ये जीवघेणे संसर्ग वाढले आणि एकूण मृत्यू काही कमी झाले नाहीत. सूज कमी करणारं दुसरं औषध, मेथोट्रेक्सेट, तर साफ फसलं. तिसरं, कोल्चिसिन, त्याचा २०१९मध्ये फायदा दिसला, २०२४च्या मोठ्या चाचणीत दिसला नाही. मी पेशंट बघते. स्टॅटिन द्यावं की थांबावं असं अडलं, तरच सीआरपी करायला सांगते. सिगरेट ओढणाऱ्याची ३.५ आली काय नि १.५ आली काय, आधी सिगरेटच सोडायला सांगणार ना?

धागाकर्ती: ‘सरसकट’ मागे घेते. पण माझा भाऊ सिगरेट ओढत नव्हता, शुगर नव्हती, बीपी जेमतेम वर. तुमच्यासमोर तो बसला असता, तर तुम्ही त्याला ‘अडलेला’ धरलं असतं का?

प्रतिसाद २: ‘आमचे वडीलही हृदयविकाराने लवकर गेले’, एवढं त्याने सांगितलं असतं, तर हो. नाहीतर मीही बहुतेक तीच खूण केली असती.