आबाजीची कुऱ्हाड काढली, तुमच्याही घरातलं जुनं लोखंड सांगा

पऱ्हाटी
परवा सिलेंडर संपलं, दुसरं यायला चार दिवस. बाहेर झड लागलेली. आई म्हणाली, "माळ्यावर तुया आबाजीची कुराड हाये, काढ अन् लाकडं फोड."

बारदान्यात गुंडाळलेली सापडली. दांड्याचा वाळवीनं भुगा केलेला, नुसतं लोखंड उरलेलं. किराणावाल्याच्या काट्यावर दीड किलोच्या वर भरली. नेढ्याच्या, म्हणजे दांडा बसवायच्या भोकाच्या, बाजूला लोहारानं ठोकलेले तीन ठिपके. लहानपणी आबाजी मला त्या ठिपक्यांवर बोट ठेवून मोजायला लावायचे, ते एकदम आठवलं अन् माळ्यावरच बसून राहिलो थोडा वेळ.

रॉकेल लावून विटेच्या तुकड्यानं घासली, मग रात्रभर आंबट ताकात ठेवली. सकाळी धुतली तर धारेपासून बोटभर वर एक वाकडी रेघ! रेघेखाली काळपट, वर राखाडी. म्हणजे अंग मऊ लोखंडाचं अन् तोंडाला पोलाद घातलेलं. इतकी वर्षं पाजवून पाजवून बोटभरच उरलंय.

ज्यांच्या घरी ती घडली त्यांना आबाजी सुगीला ज्वारी द्यायचे. आता तिथं नातवाचं ग्रिल-वेल्डिंगचं दुकान आहे. ऐरण दारातच आहे, पोरं तिला सायकल टेकवतात.

सुतार म्हणाला, "धावडा आण, नाही तं बाभूय. सागाचा आणशीन तं वापस जा." मोडक्या बंडीची बाभळीची उभारी होती, तिचाच दांडा झाला. आता तुम्ही लिहा.

रानवाट
आमची मीच मारली. अडकलेला दांडा निघेना म्हणून चुलीत घातली. दांडा जळाला, कुऱ्हाडही गेली. पुढच्या वेळी बोरीच्या फांदीवर मारली तर धार कागदासारखी दुमडली. बाबा काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं.

निंबोळी
@रानवाट पाणी उतरलं तिचं, म्हणजे पोलादाचा कडकपणा गेला. नेढ्यातलं लाकूड ड्रिलनं पोखरून काढायचं असते भाऊ. जाळायचंच असेल तर पातं ओल्या चिखलात पुरायचं अन् वरचं तेवढं जाळायचं. ग्राइंडरवर धार लावणाऱ्यांनाही हेच सांगणं, कडा निळी पडली की समजा पोलाद मऊ झालं. कानस घ्या, हळू घासा. पण तुमची पुरी गेली नसेल. चांगला लोहार पाहून पुन्हा पाणी द्या.

रानवाट
बाबा गेले दोन वर्षांखाली. कुऱ्हाड आहे अजून. बघतो.

सावजी रस्सा
कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ 😄 कोणीतरी म्हणायलाच पाहिजे होतं.

वर्धेकाठ
आमच्या सासरच्या गावानं आदर्शगावसाठी कुऱ्हाडबंदी केली होती. ठरावावर सगळ्यांच्या सह्या. सासऱ्यांनी सही केली, घरी आले, कुऱ्हाड घेतली अन् वाळलेला निंब फोडत बसले. म्हणे "बंदी जित्या झाडाले हाये, मेल्याले नाही."

पांदण
घाईत लिहिते, कुकर लावलाय. आमच्याकडं बाईनं कुऱ्हाड धरायची नाही म्हणत. आजोबा गेले तेव्हा आजी तिशीची, पदरात तीन लेकरं. कोण फोडून देणार होतं रोज? तिनं आजोबांच्या कुऱ्हाडीचा दांडा वीतभर कापून घेतला, आपल्या उंचीपुरता. तो तसाच आखूड आहे. माझा भाऊ सहा फुटी, त्याला वाकून मारावं लागतं. दांडा बदलू म्हणतो, आई बदलू देत नाही. शिट्टी झाली, येते.

पऱ्हाटी
@पांदण फोटो टाका ना त्या दांड्याचा.

बावनथडी
थोडं विषयांतर. नागपूरजवळ माहूरझरी, टाकळघाट-खापा, नैकुंड इथल्या शिळावर्तुळांत (दगडांचं कडं केलेल्या जुन्या दफनांत) लोखंडी कुऱ्हाडी निघाल्यात, अडीच हजार वर्षांहून जुन्या. १९६०च्या दशकाअखेरीपासून पुढं पुरातत्त्वज्ञ शां. भा. देव वगैरेंनी उत्खनन केलं. गंमत म्हणजे त्यांना नेढंच नाही! चपटं पातं, अन् ते दांड्याला धरून ठेवायला लोखंडी पट्ट्यांचं कडं. नैकुंडला तर लोखंड गाळायची भट्टीच सापडली. म्हणजे आबाजींच्या लोहाराचा धंदा आपल्याकडं लय जुना.

सावजी रस्सा
नेढं नाही म्हणजे पाचर ठोकायची कटकट नाही. हुशार होते.

लोणार फाटा
दांडा ढिला झाला की आम्ही हौदात बुडवून ठेवायचो. दोन दिवस घट्ट, वाळला की पहिल्यापेक्षा ढिला. एकदा पातं निसटून म्हशीच्या गोठ्यात गेलं. म्हैस वाचली, मी वडिलांपासून नाही वाचलो.

निंबोळी
पाणी नाही, जवसाचं तेल. घाण्यावर मिळते. आठवडाभर रोज एक हात द्या. पण तेलाचा बोळा चुरगाळून कोपऱ्यात फेकू नका, जवसाचं तेल वाळताना तापते, बोळा आपोआप पेट घेतो. पसरून वाळवा.

पऱ्हाटी
हे माहीतच नव्हतं! बोळा कपाशीच्या गंजीजवळ टाकला होता. आत्ता पळालो, उचलला.

वर्धेकाठ
😳

पांदण
बाई गं. लाकडं फोडली का शेवटी?

पऱ्हाटी
पहिल्या घावाला पातं असं रुतलं की निघेना. पातळ तोंडाची, झाड तोडायची कुऱ्हाड ती, ओंडका फोडायची नाही. आई परातीत कणीक घेऊन बसली होती, तिथूनच म्हणाली, "गाठीवर काहून मारतं? कडेकडेनं घे." कडेनं घेतली, चार ढलप्या निघाल्या. त्यावर वांग्याची भाजी अन् रोडगे.

सावजी रस्सा
रोडगे गोवरीवर होते. लाकडावर काय रोडगे?

पऱ्हाटी
निखारे पाडले ना राजा.

लोणार फाटा
गोवरीच. अन् पानगे असतील तर पळसाच्या पानात. धागा आता खाण्यावर आला 😄

रानवाट
@निंबोळी तुमच्याकडचा लोहार कोणत्या वारी बसतो बाजारात?

निंबोळी
बुधवारी. सकाळीच या, दुपारून भाता बंद असते.