सोमवारी परत ठेवले तरी चोरीच?

लेस्टरकर: इथे लॉ कन्व्हर्जन (दुसऱ्या विषयाच्या पदवीधरांसाठीचा कायद्याचा कोर्स) करतोय, शनिवार-रविवार एका दुकानात गल्ल्यावर असतो. मागे एका शनिवारी पाकीट विसरलो. परतीच्या बससाठी गल्ल्यातून 20 पौंडांची नोट काढली आणि तिथे नावासकट चिठ्ठी ठेवली: ‘20 घेतले, सोमवारी भरतो.’ सोमवारी मुद्दाम जाऊन भरले. काल वर्गात थेफ्ट ॲक्ट 1968, म्हणजे इथला चोरीचा कायदा, सुरू झाला आणि माझे हातपाय गार पडले. कलम 1 मध्ये ‘कायमचं हिरावण्याचा हेतू’ लागतो. तो माझा नव्हताच ना? बाई म्हणाल्या, “होता.”

बर्मिंगहॅमची वकीलीण: बाई बरोबर आहेत. परत ठेवलीस ती तीच नोट होती का? ती तर बसवाल्याकडे गेली. तू भरलीस ती दुसरी. 1989 च्या वेलुमिल खटल्यात हेच झालं: कंपनीच्या तिजोरीतून न विचारता 1,050 पौंड काढले, सोमवारी भरणार होता. अपील कोर्टाने ऐकलं नाही. तेवढीच रक्कम म्हणजे तीच वस्तू नव्हे.

पण घाबरू नकोस, तुझी खरी बाजू अप्रामाणिकपणात आहे. कलम 2 म्हणतं, मालकाला कळलं असतं तर त्याने हो म्हटलं असतं असं तुला मनापासून वाटत होतं, तर तू अप्रामाणिक नाहीस. तुझं वाटणं वाजवी असायलाच हवं असंही नाही, फक्त खरं हवं. आणि चोर काही नाव लिहून ठेवत नाही.

चहाबाज: म्हणजे शेजारणीकडून वाटीभर साखर आणून दुसऱ्या दिवशी दुसरी साखर दिली, तर मी चोर? 😄 तिने तर स्वतःच्या हाताने दिली होती!

बर्मिंगहॅमची वकीलीण: हसू नका. 1992 च्या गोमेझ निकालानंतर मालकाची संमती असली तरी ‘ॲप्रोप्रिएशन’, म्हणजे दुसऱ्याची वस्तू आपली म्हणून वापरणं, होतंच. मला तो निकाल कधीच पटला नाही, सगळा भार अप्रामाणिकपणावर येऊन पडतो. तो कसा जोखायचा हे सुप्रीम कोर्टाने 2017 मध्ये आयव्ही खटल्यात सांगितलं: आधी आरोपीला खरोखर काय माहीत होतं, काय वाटत होतं ते पाहायचं, मग ते चारचौघांच्या फुटपट्टीने मोजायचं. चारचौघांच्या लेखी आपण अप्रामाणिक वागतोय हे त्याला स्वतःला कळत होतं का, हा घोष खटल्यातला 1982 चा प्रश्न गेला. साखरेत तुम्ही सुटलात.

लेस्टरकर, याआधी कुणी असे पैसे घ्यायचं का तिथे? आणि ती चिठ्ठी आहे का अजून?

लेस्टरकर: मालक स्वतःच घरी जाताना पेट्रोलपुरते काढतो, पण दुकान त्याचंच. चिठ्ठी त्याने गल्ल्यावर चिकटवलीय. खाली लिहिलंय, ‘पुढच्या वेळी फोन कर.’