डोमेन नेमकं कुठून घ्यायचं? वेबसाइट करणारा म्हणतो "मीच घेतो"

आगळवाली_कुडाळ
नमस्कार मंडळी. आमचं घरगुती कोकमाचं काम आहे, आगळ, सरबत, आमसुलं. आत्तापर्यंत सगळं व्हॉट्सॲपवर आणि पुण्या-मुंबईच्या ओळखीतून चालायचं, पण आता दुकानदार पण विचारायला लागलेत आणि पहिला प्रश्न वेबसाइट आहे का, म्हणून यंदा सीझनच्या आत करूनच टाकायची असं ठरवलंय. कोल्हापूरच्या एका मुलाला काम दिलंय, हुशार आहे, काम पण नीट करतो. तो म्हणतो डोमेन (म्हणजे साइटचं नाव), होस्टिंग (साइट ठेवायची जागा) सगळं मीच घेतो, वर्षाला साडेचार हजार द्या, तुम्हाला काही बघायला नको. भाऊ म्हणतो होस्टिंगबरोबर डोमेन फुकट मिळतं ते घे. मी स्वतः शोधलं तर तेच नाव एकीकडे ९९ रुपये, दुसरीकडे ८९९, आणि तिसरीकडे डॉलरमध्ये. एकाच नावाचे एवढे वेगळे भाव कसे काय? आणि डॉट कॉम घ्यायचं का डॉट इन? मराठीत डॉट भारत पण असतं म्हणे. ज्यांनी स्वतः घेतलंय त्यांनी सांगा प्लीज, कुठून घेतलं आणि का.

सर्व्हरवाला_पुणे
ताई, आधी भावाचं सांगतो म्हणजे बाकीचं सोपं जाईल. डॉट कॉमचं मूळ रजिस्टर व्हेरिसाइन नावाची अमेरिकन कंपनी सांभाळते, आणि आपण जिथून घेतो ते सगळे, म्हणजे गोडॅडी, बिगरॉक, नेमचीप, होस्टिंगर वगैरे, हे मधले विक्रेते, त्यांना रजिस्ट्रार म्हणतात. प्रत्येक डॉट कॉमच्या प्रत्येक वर्षामागे व्हेरिसाइनला ठरलेली रक्कम द्यावीच लागते, ती २०२० ला ७.८५ डॉलर होती, मग दरवर्षी वाढत वाढत २०२४ च्या सप्टेंबरमध्ये १०.२६ झाली, वर आयकॅनची, म्हणजे जगभरच्या डोमेन नावांची व्यवस्था बघणाऱ्या संस्थेची, थोडी फी. म्हणजे विक्रेत्यालाच जे आठशे रुपयांच्या वर पडतंय ते तो ९९ ला देतोय तर पहिल्या वर्षी तो खिशातून घालतोय आणि पुढच्या वर्षांत वसूल करणार आहे. त्यामुळे पहिल्या वर्षाचा भाव बघूच नका, "रिन्यूअल" लिहिलेली लाइन शोधा, बऱ्याच साइट्सवर ती बारीक अक्षरात असते किंवा कार्टमध्ये गेल्यावरच दिसते. डॉट कॉमचं रिन्यूअल हजार-बाराशेच्या आसपास जीएसटी धरून असेल तर ठीक आहे, त्याच्या फार वर असेल तर सोडून द्या. डॉट शॉप, डॉट स्टोअर, डॉट एक्सवायझेड असली नावं पण पहिल्या वर्षी मातीमोल मिळतात पण त्यांच्या भावाला डॉट कॉमसारखी मर्यादा नाही, दुसऱ्या वर्षीचा आकडा बघून मगच हात लावा.

भाऊ म्हणतो ते होस्टिंगबरोबरचं फुकट डोमेन बहुतेक ठिकाणी एकच वर्ष फुकट असतं, आणि होस्टिंग मध्येच सोडलं तर डोमेनचे पैसे कापून घेतात. माझं म्हणणं डोमेन एकीकडे आणि होस्टिंग दुसरीकडे ठेवा. होस्टिंग खराब निघालं तर फक्त नेमसर्व्हर (नाव कुठल्या सर्व्हरकडे न्यायचं ते सांगणारे पत्ते) बदलायचे, डोमेन जागचं हलवायला लागत नाही.

पण ताई खरं सांगू का, कुठून घ्यायचं हा दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न आहे कुणाच्या नावावर. तो मुलगा घेणार म्हणजे त्याच्या अकाउंटमध्ये, त्याच्या ईमेलवर घेणार. जमिनीचे पैसे तुम्ही भरले आणि सातबाऱ्यावर नाव दुसऱ्याचं, असा तो प्रकार होतो. मुलगा प्रामाणिक असेलही, पण उद्या तो नोकरीला बेंगळुरूला गेला, नंबर बदलला, तर तुमच्या बाटलीवर, बॉक्सवर, व्हिजिटिंग कार्डावर छापलेला पत्ता तुमच्या हातात राहत नाही. माझ्याकडे दरवर्षी अशी माणसं येतात, साइट तयार असते, ग्राहक असतात, आणि डोमेनचं लॉगिन कुणाकडे आहे तेच माहीत नसतं. खूप वाईट वाटतं अशा वेळी कारण बाहेरून फार काही करताच येत नाही.

ठाणेकर_काका
वरच्या शेवटच्या मुद्द्याला माझं पूर्ण अनुमोदन. त्याच्या जोडीला विक्रेता कोण आहे हे पण बघाच, नुसतं स्वस्त बघू नका. नेट फोर इंडिया आठवतंय का कुणाला? एके काळी आपल्याकडच्या कितीतरी छोट्या कंपन्यांची डोमेन्स तिथे असायची. २०१९ ला त्यांच्यावर एनसीएलटीत, म्हणजे कंपन्यांच्या न्यायाधिकरणात, दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली आणि पुढे लोकांना धड रिन्यू करता येईना, धड दुसरीकडे हलवता येईना, आयकॅनकडे तक्रारींचा ढीग लागला. शेवटी २०२१ मध्ये आयकॅनने त्यांची मान्यताच काढली आणि तिथली नावं पब्लिकडोमेनरजिस्ट्री या दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलवली. नावं वाचली पण तोपर्यंत लोकांचे ईमेल बंद, साइट बंद, कोविडचा काळ, कुणी फोन उचलत नाही.

म्हणून आयकॅनची मान्यता आहे का बघा, डॉट इन घ्यायचं असेल तर निक्सीची, म्हणजे डॉट इन सांभाळणाऱ्या संस्थेची, मान्यता आहे का बघा, दोघांच्याही साइटवर यादी असते. आणि जो तुम्हाला विकतोय तो स्वतः रजिस्ट्रार आहे का दुसऱ्या कुणाचा रीसेलर, म्हणजे त्यांच्या वतीने विकणारा, तेही विचारून घ्या. रीसेलर वाईटच असतो असं नाही, पण तो गायब झाला तर मूळ रजिस्ट्रार कोण हे माहीत असलं की दार ठोठवायला जागा असते. लुकअप डॉट आयकॅन डॉट ओआरजी वर कुठलंही डॉट कॉम टाका, रजिस्ट्रार कोण, मुदत कधी संपते, सगळं दिसतं. फुकट आहे.

शारजाहकर
मी गेली काही वर्षं क्लाउडफ्लेअर वापरतोय, तिथे घाऊक भावातच देतात, वर एक पैसा नाही, पहिल्या वर्षीचा आणि दहाव्या वर्षीचा हिशोब सारखाच. पोर्कबन पण चांगलं आहे, भाव स्वच्छ लिहिलेला असतो आणि मालकाची माहिती झाकायचे वेगळे पैसे घेत नाहीत. हो, प्रायव्हसीसाठी कोणी वेगळे पैसे मागत असेल तर देऊ नका, तसंही २०१८ पासून डॉट कॉमच्या मालकाचं नाव-पत्ता उघड्यावर फारसा दिसत नाही. क्लाउडफ्लेअरची एक अट मात्र माहीत पाहिजे, डोमेन त्यांच्याकडे असेपर्यंत नेमसर्व्हर त्यांचेच ठेवावे लागतात. तुमच्या त्या मुलाला ते जमत असेल तर मस्त, नसेल तर उगाच डोकेदुखी.

हिशोबनीस_नाशिक
शारजाहकर साहेब, तुमचं म्हणणं बरोबर पण तुम्ही तिकडच्या कार्डाने भरता. इथल्या कार्डाचं वेगळं आहे. रिझर्व्ह बँकेचा ऑटो डेबिटचा नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाला तेव्हापासून परदेशी साइटवर कार्ड सेव्ह करून ऑटो रिन्यू चालू ठेवलं तरी कितीतरी वेळा पैसे कापलेच जात नाहीत. माणूस निर्धास्त असतो की ऑटो रिन्यू चालू आहे आणि तिकडे मुदत संपून जाते. माझे क्लायंट बहुतेक छोटे व्यापारी आहेत, त्यांना मी सरळ सांगतो की भारतीय रजिस्ट्रारकडून किंवा निदान रुपयात, यूपीआयने घेणाऱ्याकडून घ्या, वर्षाला शे-दोनशे जास्त गेले तरी चालतील. आणि ताई तुमचा जीएसटी नंबर असेल आणि कंपोझिशनमध्ये (छोट्या व्यापाऱ्यांची ठोक दराची जीएसटी योजना) नसाल तर तो नंबर बिलावर टाकून घ्या, १८ टक्क्यांचं क्रेडिट मिळेल. बिल तुमच्या फर्मच्या नावाने पाहिजे, हेही मुलाने त्याच्या नावाने घेतलं तर होत नाही.

अजून एक, एकदम तीन किंवा पाच वर्षांचं भरता येत असेल तर भरून टाका, डॉट कॉमला दहा वर्षांपर्यंत भरता येतं. दरवर्षी लक्षात ठेवायची कटकटच संपते.

सांगलीचा_डिझायनर
मी स्वतः वेबसाइटी करतो म्हणून दुसरी बाजू पण मांडतो, राग मानू नका. आमच्यातले बरेच जण डोमेन स्वतःकडे ठेवतात ते लुबाडायला नाही. ग्राहक पासवर्ड विसरतात, रिन्यूअलचे मेल बघत नाहीत, आणि साइट बंद पडली की फोन आम्हालाच येतो, तोही दिवाळीच्या दिवशी. त्यामुळे त्या कोल्हापूरच्या मुलावर संशय नको. पण ताई, तुमचंच नाव राहून त्याचं काम अडणार नाही अशी सोय आहे. अकाउंट तुम्ही उघडा, आणि मोठ्या रजिस्ट्रारकडे दुसऱ्याला मर्यादित ॲक्सेस द्यायची सोय असते ती त्याला द्या, म्हणजे तो डीएनएस (नाव साइटला आणि मेलला जोडणारी सेटिंग) बदलू शकतो, मेल सेट करू शकतो, पण नाव दुसरीकडे हलवू शकत नाही. तसली सोय नसेल तर तो सांगेल ते नेमसर्व्हर तुम्ही एकदाच टाकायचे, पाच मिनिटांचं काम. साडेचार हजारात तो साइटची देखभाल पण करणार असेल तर ती रक्कम अजिबात जास्त नाही, फक्त डोमेन त्यातून बाजूला काढा.

डॉट कॉम का डॉट इन, तर कोकम सिंधुदुर्गातून देशातच जाणार असेल तर डॉट इन बिनधास्त घ्या, लोकांना आता सवय झालीय. पण फोनवर पत्ता सांगितला की माणूस आपोआप डॉट कॉम टाइप करतो हे मी रोज बघतो. परवडत असेल तर दोन्ही घ्या आणि एक दुसऱ्याकडे वळवा. डॉट भारत मला मनापासून आवडतं, देवनागरीत आपलं नाव बघायला छान वाटतं, बोर्डावर पण उठून दिसतं. पण एकट्या त्याच्यावर धंदा उभा करू नका, अजून बऱ्याच ठिकाणच्या फॉर्ममध्ये देवनागरी ईमेल पत्ता घेतच नाहीत, आणि काही ठिकाणी लिंक पेस्ट केली की एक्स एन करून सुरू होणारी लांबलचक इंग्रजी अक्षरं दिसतात, ग्राहकाला वाटतं काहीतरी फसवणूक आहे. जोडीला म्हणून जरूर घ्या.

आगळवाली_कुडाळ
खूप खूप आभार सगळ्यांचे, एवढं नीट कुणी सांगितलंच नव्हतं. संध्याकाळी त्या मुलाशी बोलले, तो लगेच तयार झाला, म्हणाला काकी तुमच्या नावावर घ्या, मला फक्त ॲक्सेस द्या. म्हणजे मनात काही नव्हतं त्याच्या. आता डॉट कॉम आणि डॉट इन दोन्ही, भारतीय रजिस्ट्रारकडून, फर्मच्या नावाने, कॉमचे पाच वर्षांचे पैसे भरून घेतेय. दोन शंका राहिल्यात. समजा तरी चुकून मुदत संपली तर नाव लगेच जातं का? आणि नंतर हा रजिस्ट्रार नाही आवडला तर बदलता येतो का?

सर्व्हरवाला_पुणे
लगेच जात नाही. डॉट कॉममध्ये मुदत संपल्यावर रजिस्ट्रारवर अवलंबून काही दिवस, जास्तीत जास्त ४५, नेहमीच्या भावात रिन्यू करता येतं, पण सगळे तेवढे दिवस देत नाहीत आणि साइट, मेल मात्र आधीच बंद पडतात. त्यानंतर ३० दिवसांचा रिडेम्प्शनचा काळ, त्यात नाव परत मिळतं पण मोठी फी लावतात, कित्येक हजारांत जाते. मग ५ दिवस ते कुणालाच मिळत नाही आणि नंतर मोकळं, चांगली नावं उचलायला लोक टपूनच बसलेले असतात. नियमाप्रमाणे रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी आणि आठवडाभर आधी मेल पाठवावाच लागतो, तो तुमच्याच ईमेलवर येईल कारण अकाउंट तुमचं आहे.

रजिस्ट्रार बदलता येतो. नवीन घेतल्यावर पहिले ६० दिवस हलवता येत नाही, नंतर लॉक काढायचं, जुन्या रजिस्ट्रारकडून ऑथ कोड (नाव हलवायचा गुप्त कोड) घ्यायचा, नव्या ठिकाणी टाकायचा, साधारण आठवड्यात होतं. डॉट कॉमला ट्रान्सफरच्या वेळी एक वर्षाचे पैसे भरावे लागतात पण ते वर्ष मुदतीत वाढून मिळतं, वाया जात नाही.

अकाउंटला जो ईमेल देणार तो नवीन डोमेनवरचा देऊ नका ताई, डोमेनच बंद पडलं तर तो मेल पण बंद. साधा जीमेल द्या, जो तुम्ही रोज उघडता, आणि टू फॅक्टर (पासवर्डबरोबर फोनवरचा कोड) चालू करा. घेतल्या घेतल्या ईमेल पत्ता पक्का करायला एक मेल येईल, त्यातली लिंक पंधरा दिवसांच्या आत दाबा, नाहीतर डोमेन सस्पेंड करतात. तो मेल स्पॅममध्ये जातो बऱ्याचदा, तिथे बघा.

आगळवाली_कुडाळ
आत्ताच घेतलं, मेल खरंच स्पॅममध्ये होता, लिंक दाबली. मुलाला ॲक्सेस पण दिला. डॉट भारतचं साइट चालू झाल्यावर बघते.