मदत हवी आहे: प्रसिद्ध व्यक्ती अचानक समोर आल्यास बोलावे की नाही?

गेल्या महिन्यात विमानतळावर, ज्यांचे गायन मी वीस वर्षे ऐकत आलो आहे असे एक गायक माझ्या शेजारच्याच खुर्चीवर येऊन बसले. मी नमस्कार करून दोन शब्द बोलू लागताच त्यांनी, माझ्याकडे न पाहता, हातानेच ‘पुरे’ अशी खूण केली. तेव्हापासून त्यांचे गाणे लावले की आधी तो हात आठवतो. याउलट एका नामवंत क्रिकेटपटूने रांगेत उभे असताना स्वतःहून माझी विचारपूस केली होती; त्यामुळे दोष सरसकट प्रसिद्धीला देता येत नाही.

१९५६ साली हॉर्टन आणि वोल या अभ्यासकांनी प्रेक्षकाला पडद्यावरच्या व्यक्तीविषयी वाटणाऱ्या अशा एकतर्फी जवळिकीचे वर्णन केले होते. म्हणजे ओळख केवळ माझ्या बाजूने होती, आणि ते गायक कदाचित थकलेही असतील, हे बुद्धीला पटते. मन मात्र (वयाला न शोभेल इतके) रुसून बसले आहे.

आपल्यापैकी कोणाला असा अनुभव आला असल्यास, कलाकार आणि त्याची कला यांची मनात फारकत कशी केली, हे कृपया सांगावे. तसेच अशी व्यक्ती कुटुंबासोबत किंवा जेवत असताना दिसल्यास आपण बोलता की दुरूनच पाहून पुढे जाता?