हॅमिल्टन आणि जेफरसनचं नक्की कशावरून वाजलं?

निशाचर: दोघंही अमेरिकेचा पहिला राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टनच्या कॅबिनेटमध्ये, हॅमिल्टन अर्थ खात्यात, जेफरसन परराष्ट्र, मग एकमेकांना इतकं पाण्यात का पाहायचे? निव्वळ इगो का?

ग्रंथकिडा: इगो होताच हो, पण मुळात माणसंच वेगळी. हॅमिल्टन कॅरिबियनमधला, लहानपणीच आई गेली, व्यापाऱ्याकडे कारकुनी केली, त्यामुळे बँक, कर्ज, कारखाने डोक्यात पक्कं, वर तोंडाने फटकळ. जेफरसन व्हर्जिनियाचा जमीनदार, चारचौघांत गप्प, लिहायला बसला की मात्र सुटायचा, आणि भांडणं शक्यतो दुसऱ्यांकरवी लढायचा. १७९१ च्या नॅशनल बँकेवरून चांगलंच फाटलं, हॅमिल्टनला ती हवी होती, जेफरसनचा विरोध. (जेफरसनच्या स्वातंत्र्याच्या गप्पा आणि त्याच्याच शेतावर गुलाम, हे पण आहेच.)

झणझणीत: +१. पण १७९० मध्ये हॅमिल्टनने जेफरसनकडेच जेवायला बसून सौदा केला ना, राज्यांची कर्जं केंद्राने घ्यायची आणि राजधानी पोटोमॅक नदीकाठी न्यायची. काँग्रेसमधला जेम्स मॅडिसनही होता.

निशाचर: अरे वा, म्हणजे अगदीच बोलणं बंद नव्हतं!

ग्रंथकिडा: उलट १८०० च्या निवडणुकीत जेफरसन आणि त्याच्याच पक्षाचा एरन बर ७३-७३ मतांवर अडकले तेव्हा हॅमिल्टनने जेफरसनचीच बाजू घेतली, कारण बर त्याला त्याहून नकोसा. त्याच बरने १८०४ मध्ये द्वंद्वात हॅमिल्टनला गोळी घातली, तेही उपराष्ट्राध्यक्षपदावर असताना!