मरणाऱ्याचा देव की उरलेल्यांची तत्त्वं?

माईची लेक

परवा तिरकस यांनी वडिलांच्या जाण्याबद्दल लिहिलं ते वाचून दोन दिवस गप्प बसले, पण आता राहवत नाही. ज्यांचं वाचायचं राहिलं त्यांच्यासाठी थोडक्यात: वडील माळकरी, जमेल तितकी वर्षं वारी केलेले. शेवटच्या दिवशी बहिणीने मोबाइलवर अभंग लावले ते यांनी बंद केले, देहदान केलं, दहावं-तेरावं काही नाही, आणि शेवटी "मी तत्त्वाशी तडजोड केली नाही". खाली टाळ्याच टाळ्या.

मला एवढंच विचारायचंय की गेलं कोण, तुम्ही की बाबा?

मी स्वतः देव मानत नाही. लग्न झाल्यापासून घरात देव्हारा नाही, त्यावरून सासरी काय काय ऐकून घेतलंय ते सोडा. पण माई माळकरी होती. आयसीयूत घेतलं तेव्हा गळ्याला लाइन टाकायची म्हणून माळ कात्रीने कापली आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून माझ्या हातात दिली, वर मार्करने बेड नंबर. लग्नाआधीपासूनची माळ, बाळंतपणातसुद्धा काढली नव्हती. माई शुद्धीत होती पण तोंडात नळी, बोलता येत नव्हतं, आणि हात सारखा गळ्याकडे जायचा. नळी ओढतेय असं वाटून हात कॉटला बांधले. ती काय शोधतेय हे माझ्यासारख्या शहाणीला दुसऱ्या दिवशी कळलं. रात्रपाळीची सिस्टर होती, तिच्या स्वतःच्या गळ्यात क्रॉस, तिला पिशवी दाखवली तर तिने काही न विचारता माळेला गाठ मारली आणि माईच्या मनगटावर मायक्रोपोर टेपने चिकटवून दिली. हात सोडले. त्यानंतर माईने नळीला बोटसुद्धा लावलं नाही, नुसती मणी चाचपत पडून राहायची.

भेटायला जेवढा वेळ सोडायचे तेवढ्यात मी कानाशी अभंग म्हणायचे. मला दोनच येतात, तेही अर्धवट. तेच तेच म्हटले. याला ढोंग म्हणायचं असेल तर म्हणा, पण तिरकस, तुमच्यापेक्षा हे ढोंग मला बरं वाटतं.

तिरकस

वा, मी नालायक मुलगा ठरलो तर. आता दोन गोष्टी ज्या तुम्ही विचारल्या नाहीत. एक, देहदानाचा फॉर्म बाबांनी स्वतः २००९ साली भरलाय, माळ गळ्यात असताना, साक्षीदार म्हणून बहिणीची सही आहे. त्यांचं म्हणणं होतं की आत्मा गेल्यावर कुडीचं काय, पोरांना शिकायला उपयोग होऊ दे. दोन, ते अभंग जनरल वॉर्डात फुल व्हॉल्यूमवर चालू होते, शेजारच्या बेडवर पोटाचं ऑपरेशन झालेला पोरगा रात्रभर कण्हत होता आणि त्याची आई माझ्याकडे बघत होती. बंद केलं. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन.

आणि "मरणाऱ्याची श्रद्धा" हे फार सोयीचं शस्त्र आहे हो. त्याच दारातून मग ग्रहशांती आत येते, अंगारा येतो, औषध बंद करा सांगणारा बुवा येतो. आमच्या काकूला काविळीत गळ्यात माळा घालून तीन आठवडे घरी ठेवलं होतं. माणसं श्रद्धेच्या नावाखाली मरतात, हे सोडून बाकी सगळं बोला.

माईची लेक

फॉर्मचं आधी लिहायला काय झालं होतं? तुमच्या लेखात सगळं "मी" होतं. मी ठरवलं, मी केलं, मी झुकलो नाही. बाबांची इच्छा होती ही एवढीशी गोष्ट विसरलात होय? ठीक आहे, देहदानापुरतं मागे घेते. दहाव्याचं काय? ते नको असंही फॉर्मवर लिहिलंय का?

नाइट ड्यूटी

बावीस वर्षं नर्सिंग करतेय, मला कुणाच्या तत्त्वात पडायचं नाही, एक कामाचं सांगते. बेशुद्ध पेशंटच्या तोंडात चमच्याने गंगा ओतू नका. गिळता येत नसतं, ते पाणी फुप्फुसात जातं, मग घरघर वाढते आणि तुम्ही आम्हालाच ओरडता सिस्टर सक्शन करा सक्शन करा. कापसाचा बोळा त्याच पाण्यात भिजवून ओठांना लावा, तुळशीचं पान ओठांवर ठेवा. देवाला चालतं. अजून तरी एकाही पेशंटच्या देवाने तक्रार केलेली नाही.

आणि लेकताई, कान शेवटपर्यंत चालतात असं आमचं मत आहे, म्हणून अर्धवट का होईना म्हटलंत ते चांगलं केलंत. कॉटशी उभं राहून फ्लॅटच्या वाटण्या बोलणारे जास्त बघितलेत मी.

घाटावरचा

दहाव्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, तत्त्वबित्त्व घरात ठीक असतं. आमच्या आजीच्या दहाव्याला दीड तास कावळा शिवेना. पिंड मांडलेला, कावळे समोरच्या भिंतीवर बसलेले, एकही खाली येईना. मोठ्या काकांनी हात जोडले, बाबांनी जोडले, "तुझ्या कुत्र्याला सांभाळू" इथपर्यंत सगळं बोलून झालं. शेवटी धाकटे काका पुढे झाले आणि म्हणाले, आई, छोटीच्या लग्नाचा खर्च मी करीन. छोटी म्हणजे आमची वारलेल्या आत्याची मुलगी, आजीनेच वाढवलेली. काकांचं बोलून संपायच्या आत कावळा शिवला. मी इंजिनियर आहे, मला कार्यकारणभाव शिकवू नका, अंगावर काटा आला तो आला.

तिरकस

साडेअकरा वाजता घाटावरच्या कावळ्याने सकाळपासून पंधरा घरचे पिंड खाल्लेले असतात. पोट भरलेलं असतं हो त्याचं. दीड तासाने भूक लागली, एवढाच कार्यकारणभाव.

जुनी पेठ

कावळ्याचं म्हणाल तर सावरकरांनी १९६६ सालीच निकाल लावलाय. प्रायोपवेशन केलं, म्हणजे अन्नपाणी सोडून मरण पत्करलं, आणि मागे सांगून ठेवलं की विद्युतदाहिनीत न्या, पिंड नको, काकस्पर्श नको. हे हिंदुत्ववाल्यांनाही माहीत नसतं आणि त्यांना शिव्या घालणाऱ्यांनाही.

घाटावरचा

सावरकरांना माझ्या आजीने वाढवलं नव्हतं. आणि तिरकस, भूक लागली होती तर अर्धा तास आधी लागली नसती का? बरोब्बर त्या वाक्यालाच?

मधली बहीण

कावळा कावळा काय लावलंय. पिंडाला कोण बसलं होतं ते सांगा आधी. आमच्याकडे सहा वर्षं वडिलांचं डायपर, बेडसोअरची पट्टी, रायल्स ट्यूबमधून, म्हणजे नाकातल्या नळीतून, दर दोन तासांनी पेज, सगळं मी केलं. नोकरी सोडली. आणि स्मशानात मडकं धरायला कोण, तर चुलत भाऊ, जो त्या सहा वर्षांत दोनदा आला, त्यातला एकदा सातबाऱ्यासाठी. गुरुजी म्हणाले मुलींना अधिकार नाही. मी मागे उभी, माझ्या हातात चपला सांभाळायला दिल्या होत्या. १८९० साली जोतीरावांच्या अंत्ययात्रेत सावित्रीबाईंनी टिटवं, म्हणजे तेच मडकं, धरलं होतं, एकशे तीस वर्षांच्या वर झाली त्याला, आणि मला चपला.

तर लेकताई, तुमची माळ वाचून रडू आलं हे खरं, पण ज्या श्रद्धेला तुम्ही एवढं गोंजारताय तिनेच मला मागे उभं केलं.

जुनी पेठ

पुण्यात ज्ञानप्रबोधिनी संस्थेने पौरोहित्य शिकवलेल्या बायका अंत्यविधीसुद्धा सांगतात. गुरुजी बदलायचे होते.

मधली बहीण

अहो, सकाळी सात वाजता प्रेत दारात असताना गुरुजी बदला म्हणे. तुम्ही कधी घरातून कुणाला पोहोचवलंय का, की नुसतं वाचलंय?

जुनी पेठ

आईला पोहोचवलंय. चुकलं, बोलायला नको होतं तसं.

कोर्टाची पायरी

सगळे मेल्यानंतरचं भांडताय. आमच्या आजोबांनी ब्याण्णव्या वर्षी जेवण सोडलं. आजारी असे नव्हते, ताट पुढे आलं की हसून मान फिरवायचे. विनोबांनी नोव्हेंबर १९८२ मध्ये पवनारला अन्न-औषध सोडलं तेव्हा सगळ्या देशाने नमस्कार केला, आणि आम्ही आजोबांना उचलून नेलं, नळी घातली, त्यांनी ओढली, हात बांधले, अकरा दिवसांनी गेले. घरात सगळे भाविक, विनोबांचा फोटो भिंतीवर. तेव्हा कुणालाच सुचलं नाही की हा माणूस काय सांगतोय.

आता लिव्हिंग विल करता येतं, म्हणजे शेवटी नळ्या घालून जगवू नका असं शुद्धीत असताना आधीच लिहून ठेवता येतं. सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये मान्यता दिली, तेव्हा मॅजिस्ट्रेटसमोर करायची भानगड होती, २०२३ मध्ये सोपं केलं, दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी. माझं झालंय. बायको तेव्हापासून माझ्याशी नीट बोलत नाही, म्हणते अशुभ कागद घरात आणला.

तिरकस

याला म्हणतात विचार. नाहीतर इथे कावळा.

घाटावरचा

तुमच्या बाबांचं दहावं झालं असतं तर कावळा शिवला असता का याची भीती वाटते म्हणून एवढं लागतंय तुम्हाला.

तिरकस

तोंड सांभाळून. माझ्या बापावर जायचं नाही. त्यांना आंघोळ मी घालत होतो, तुमचा कावळा नाही.

माईची लेक

बस करा दोघं! मी माझ्या आईबद्दल लिहिलं आणि निम्म्याहून जास्त चर्चा एका पक्ष्यावर. घाटावरचे, ते वाक्य फार घाणेरडं होतं, मी तिरकसच्या विरुद्ध असून सांगतेय.

मधल्या बहिणी, तुमचं पटलं. खरं तर पटलं म्हणजे काय, माझ्याकडेही मडकं भावानेच धरलं, मी गप्प बसले, कारण माईला तेच हवं असणार असं मला वाटलं. आता तुम्ही म्हणाल हेच ते मागचं दार. असेल. माळ हातात दिली ती सोपी गोष्ट होती, मडकं मागणं अवघड होतं, म्हणून सोपं ते केलं असंही असू शकतं. पण तिरकस, तुमच्या बहिणीने दहावं करायचं म्हटलं होतं का नव्हतं, याचं उत्तर अजून आलेलं नाही.

तिरकस

म्हटलं होतं. मी नाही म्हणालो. तिने तिच्या गावी जाऊन केलं, मला मेव्हण्यांकडून कळलं. ते लेखात नाही लिहिलं कारण ते माझ्या बाजूचं नव्हतं. झालं समाधान?

दहावं केलं नाही ते माझ्यापुरतं बरोबरच होतं, त्यात बदल नाही. त्या रात्री वॉर्डात मात्र माझ्या खिशात इअरफोन होते. बाबांच्या कानात घालून द्यायचे होते, शेजारच्या पोरालाही त्रास नाही, बहिणीलाही नाही. सुचलं नाही. मी तिच्या हातातून मोबाइल काढून घेतला आणि ऑफिसचा कॉल घ्यायला बाहेर गेलो, आणि त्यासाठी कानात तेच घातले.

नाइट ड्यूटी

होतं असं. पुष्कळांचं होतं.

माईची लेक

चला, तीन दिवसांनी एवढं तरी निघालं. यावर आता मी काही बोलत नाही.

मधली बहीण

घाटावरचे, एक राहिलं. त्या छोटीचं लग्न मग केलं का काकांनी?

घाटावरचा

तिरकस, ते वरचं वाक्य मागे घेतो, रागात गेलं.

काकांनी एक रुपया दिला नाही. लग्न माझ्या बाबांनी केलं. काका आहेराला मिक्सर घेऊन आले होते.